मंगळवारची बोट

टेबलावर नकाशा. घडी जिथे विरलीय
तिथेच नेमकी नदी.
“पूल गेला मागच्या हिवाळ्यात,” टॉर्किल सांगतो,
“पाणी गुडघ्याला असेल तर उतरायचं,
मांडीला लागलं की माघारी.”

त्याचं बोट खाडीवरून सरकतं;
खरी बोट फक्त मंगळवारी,
तीही वारा हो म्हणाला तर.
पुढे नऊ मैल दलदल, एक पत्र्याची झोपडी,
आणि समोच्चरेषा इतक्या दाट
की डोंगर कसला,
कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा वाटतो.

शिखराचं गेलिक नाव मी तीनदा चुकते.
चौथ्यांदा तो दुरुस्त करत नाही, किटली ठेवतो.

“तुम्ही गेलाय कधी वर?”
“अर्ध्यापर्यंत. मेंढी हरवली होती.”
“मग?”
“सापडली ना. अर्ध्यावरच.”