टिंबटिंब

गंगापूर रोडच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा तीनवर फिरतो आणि आवाज पाचचा करतो.
पडद्यावर मी लावलंय हिस्टोन एच-वन:
मधोमध आवळून बसलेली गोळी,
रोठ्या सुपारीसारखी,
तीन मळसूत्रं, कोपरा न् कोपरा मोजलेला.
आणि तिच्या पाठीमागून निघालेली
तुटक रेषा.

"मॅडम, हे टिंबटिंब काय आहे?"
हर्षला गांगुर्डे. शेवटचा बाक, मोहाडीची बस.
शेपटी, मी म्हणाले.
निम्मं प्रथिन तिच्यातच आहे,
पण स्फटिकात ती सापडत नाही.
"म्हणजे नसते?"
असते गं. हलत असते.
जे एका जागी थांबत नाही
त्याच्यापुढे पुस्तक टिंबं टाकतं
आणि पान उलटतं.

मीही उलटणार होते.
एकोणीस वर्षं उलटतेच आहे.
शेपटीला मार्क नाहीत.

पण पोरगी फोन घेऊन पुढे आली.
द्राक्षाचा मांडव. ऑक्टोबर छाटणीनंतरची बांधणी.
पेठहून आलेली टोळी, अकरा बायका,
लोखंडी अँगल, तारा, सुतळीचा गुंडा,
सगळं इतकं लख्ख की
मागच्या खोडावरचा मुंगळासुद्धा मोजून घ्यावा.
एकीचेच हात नाहीत.
मनगटापाशी दोन करडे ढग.

"आई आहे. थांब म्हटलं तरी थांबत नाही.
वेलीमागे पैसे मिळतात ना."

मग आपणहून सांगू लागली:
काडी तारेला बांधायची, पण आवळायची नाही.
उद्या ती जाड होणार, मग सुतळी रुतते.
आई बोटभर जागा ठेवते.
नव्या बायकांना पहिले चार दिवस
तेवढंच शिकवते, बोट घालून.

वर्ग गप्प होता, किंवा डब्याची वाट बघत होता.
मी खडू घेतला.

दोन मीटरचा धागा, म्हणाले,
आणि खोली अशी की सुईचं टोक तिच्यापुढे मैदान.
आठ जणांचं एक रीळ, त्याला पावणेदोन वेढे,
मग थोडा मोकळा धागा, मग पुढचं रीळ.
धागा जिथून आत येतो आणि बाहेर पडतो
तिथं ही गोळी बसते, आणि शेपटी
दोन्ही पदरांमधून हात फिरवते.
कुठल्याच आकारात शिरत नाही.
पकडल्यावरही नाही.
मिनिटभर धरते, फार तर दोन,
मग उठते, शेजारच्या रिळाशी जाते,
तिची जागा दुसरी घेते,
आणि मधल्या त्या बोटभर फटीत
कोणीतरी येऊन एखादी ओळ वाचून जातं:
नाक कसं असावं,
जखम कशी भरावी.

"टोळीच आहे की," मागून कोणी तरी.
हसले सगळे. मीही.

हर्षलाला म्हटलं, काढ बरं तुझी शेपटी.
तिनं टिंबं काढली नाहीत.
खडू आडवा धरला
आणि गोळीच्या पाठीपासून
खिडकीपर्यंत नुसता घासत नेला,
पुन्हा मागे, पुन्हा पुढे,
बाहीवर पांढरा भुगा पडेपर्यंत.
मार्क द्यायचे तर किती, मला कळेना.

चार वाजता ती सीबीएसकडे पळाली.
साडेचारला रंगनाथमामा डस्टर घेऊन आले.
गोळी त्यांनी एका फटक्यात पुसली.
शेपटीपाशी अडले.
फळ्यावरचा कालचा खडू, परवाचा खडू,
त्यात ती कुठं संपते
ते त्यांना दिसेना.
दोनदा हात फिरवला,
आणखी पसरली.
"राहू द्या," मी म्हणाले.