सोसायटीतली खुर्ची

कोल्हापूरहून टेम्पोत बसून घाट उतरली ती.
मोरपंखी कापड, पाठीला उशी, हातांनाही उशी,
खाली पाच चाकं.
तारामुंबरीच्या मच्छीमार सोसायटीत
इतकं मऊ काही याआधी आलं नव्हतं.

व्हाउचर मीच केलं.
आठ हजार चारशे, हमाली दीडशे,
खातं : फर्निचर व किरकोळ.

चेअरमन धाकू कोयंडे एकदाच बसले, फोटोपुरते.
उठून म्हणाले, "हिच्यात पायांक जमीन गावना नाय."
जन्मभर सुकाणूपाशी उभा राहिलेला माणूस.
तेव्हापासून खिडकीला टेकून सह्या करतात.

मी बावीस वर्षं लोखंडी घडीच्या खुर्चीवर.
तिची आडवी सळई माझ्या पाठीत उमटलीय,
दोर घासून होडीच्या काठाला खाच पडते तशी.
मला कुणी बस म्हटलं नाही.
बसू नको, असंही नाही.
रोज सकाळी फडकं घेऊन
मी तिच्यावरचं मीठ पुसत राहिले.
मीठ इथे सगळ्यावर बसतं,
ते कुणाला विचारत नाही.

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल.
शेवंती खवळे आली, पाटी दाराबाहेर ठेवून.
मुलाच्या होडीचा डिझेल परतावा अडकलेला.
गुडघे धरून ती जमिनीवर बसायला लागली,
तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "वर बस गो."
"नको. लुगड्याक म्हावऱ्याचो वास येता,
खराब होतली ती."
"होऊ दे."

बसली. अर्धीच, कडेला.
खुर्चीनं फुस्स केलं आणि खाली गेली.
"गो बाय माझे, ही बुडाक लागली!"
टेबलाचा काठ दोन्ही हातांनी धरलेला.
मी दांडा दाखवला. वर ओढला की भरती,
दाबून बसलं की ओहोटी.
तिनं चार वेळा करून पाहिलं, हसता हसता
डोळ्यांना पदर लावला.
मग पायानं रेटा देऊन फिरली
खिडकीकडे,
आणि गप्प झाली.

लिलावात उभी, होड्यांची वाट बघताना उभी,
एरवी बसायची ती म्हावऱ्याकडे तोंड करून.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"हयसून तो बारको दिसता."

कापडाला वास राहिला तो राहिलाच.
मासिक सभेत एकानं नाक मुरडलं,
कोयंडे म्हणाले, लिही इतिवृत्तात.
मी लिहिलं नाही.
चाकांतली दोन गंजून अडलीत, त्यांच्या ग्रीसचं लिहिलं.

सगळे गेल्यावर कपाटाला कुलूप लावलं
आणि बसले.
पाठीतली सळई कितीतरी वेळ तिथेच होती.
दीपस्तंभाचा झोत भिंतीवरच्या कॅलेंडरवरून
जाऊन येत होता.
मग केव्हातरी लक्षात आलं,
मी झोत मोजायचे थांबलेय.