शून्य ताण

वाळपईच्या बाजारात, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर
माझी एका खोलीची फिजिओथेरपी.
जिना उभा. गुडघेवाले खालूनच हाक मारतात,
मग मीच उतरते.

जयवंती माजीक जिना चढून आली.
काजूच्या फॅक्टरीत सतरा वर्षं:
पायाने पेडल, उजव्या हाताने दांडा, डाव्या हाताने बी.
दिवसाला किती फोडता?
"किलो मेजतात गे. बियो कोण मेजता?"

हात केसांपर्यंत नेला की खांद्यात कळ.
अबोलीची फाती माळायला
नातीला हाक मारावी लागते.

पहिल्यांदा टेप चिकटलीच नाही.
कातडीवर टरफलाच्या तेलाचा थर,
त्यावर ते निघावं म्हणून लावलेलं खोबरेल.
स्पिरिटचे तीन बोळे काळे झाले.
मग कात्री घेतली, कोपरे गोल कापले
(टोकदार कोपरा आधी उचलतो, बाहीला अडकतो),
पाठीचा कागद फाडला,
पहिली दोन बोटं न ताणता टेकवली,
मधला भाग जरासा ओढून दंडावरून खांद्यावर नेला,
शेवटचं टोक पुन्हा सैल.
तळव्याने घासलं. डिंक उबेने जागा होतो.

"भितर वखद आसा?"
नाही. कापड आणि डिंक.
"मग कित्याक बरें दिसता?"

मी सांगू लागले: त्वचा, स्नायू,
मेंदूकडे जाणारे निरोप.
मध्येच थांबले.
फरक पडतो तो थोडा, आणि थोडे दिवस.
खरं काम त्या रबरी पट्ट्याचं
जो ती खिडकीच्या गजाला बांधून रोज दहादा ओढणार होती
आणि बहुधा ओढणार नव्हती.

पाचव्या दिवशी काढून टाका म्हटलं होतं.
आली ती नवव्या दिवशी.
कडा सुटलेल्या, धुळीने काळ्या,
मधला निळा रंग अजून शाबूत.
हात वर गेला, कानाच्याही वर.
रबर ओढला होता तिने. माझा अंदाज चुकला.
"आता दुखना," म्हणाली. "पूण परत लाय."

का?

ती आधी पंख्याकडे बघत राहिली.
मग हळूहळू सांगितलं.
सतरा वर्षं खांदा दुखला, तो कुणाला दिसला नाही.
बाहीखाली निळी पट्टी दिसली
तसा सुपरवायझर चालता चालता थबकला,
आणि तिला दांड्यावरून उठवून
गर निवडायच्या टेबलाशी बसवलं.
मजुरी थोडी कमी.
पण तिथे पंखा आहे.

गरज नाही, असं सांगायला हवं होतं मी.
रोल काढला.
कोपरे गोल कापले, नेहमीसारखे.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
कुठेच ओढली नाही, नुसती ठेवली.
वहीत उपचाराच्या रकान्यात लिहिलं: टेप, शून्य ताण.
पैशांचा रकाना कोरा सोडला.

उठताना तिने माझा अंगठा बघितला,
बारा वर्षं लोकांच्या पाठी दाबून मुळाशी सुजलेला.
"आनी हें?"
एका हाताने स्वतःला लावता येत नाही हो.

तिने उरलेला तुकडा उचलला.
तिच्या बोटांचे ठसे त्या तेलाने केव्हाच जाळले आहेत,
रेशनचं मशीन तिला ओळखत नाही.
त्या बोटांनी, केळीच्या सोपात अबोली गुंफावी तसं,
ओढलं, थांबली, जरा सोडलं.
"चड ओडलें जाल्यार फूल तुटता," एवढंच म्हणाली,
आणि चार वीसची बस गाठायला उतरली.

कोपरे गोल करायचे तिला माहीत नव्हते.
दुसऱ्याच दिवशी एक उचलला,
ओढणीला अडकतो आहे.
खाली सुबराय ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा शोधत बसलेला.
मान वर करून विचारतो,
"डॉक्टर, आंगठ्याक कितें जालें?"

मी पायरीवरच बसले.
सांगायला बराच वेळ लागला.