टाचेत

झिबल मास्तरांच्या कॉर्नेटच्या पेटीत
एक कागद होता, घड्यांवर फाटलेला,
नागपूरच्या पोलीस बँडातून आणलेला.
वर इटलीतले शब्द, खाली मास्तरांचं वऱ्हाडी.

पियानो म्हणजे बाजा नाही.
'लेकरू निजलं हाये अन् तुले घरात शिराचं हाये, तसं.'
मोरेंदो : गॅसबत्तीतलं राकेल सरत येते तसं.
'इझवाची नाही. सरू द्याची.'
रुबातो म्हणजे चोरलेला वेळ.
'इथं घेतला त पुढं वापस करा लागते,
किराण्याच्या उधारीवानी.'
आमचा क्लॅरिनेटवाला बबन्या
घ्यायचा तेवढं घ्यायचा. वापस कधीच नाही.

फोर्ते कोणाला शिकवावं लागलं नाही.
नवरदेवाच्या मामानं नोट ओवाळली
की आपोआप फोर्ते.

मी झांजेवर. माझ्या पानावर बहुतेक
एकच शब्द : टाचेत.
काय आहे टाचेत? काटा?
मास्तर तंबाखू चोळत म्हणाले,
'गप राह्य. पण जाऊ नोको.'

वैशाखात कुऱ्ह्याला वरात होती.
आखरावरून वळलो
तर देवकाबाईच्या ओसरीत पणती,
अंगणात माणसं उकिडवी बसलेली.
घरधनी जाऊन तिसरा दिवस.
मास्तरांनी कॉर्नेट ओठांवरून काढलं,
एक बोट वर केलं.
सगळे.

मामा खवळला, 'पैसे कायचे घेता बे?'
उत्तर कोणी दिलं नाही.
बारा लाल कोट, मुरुमावर बारा जोडी बूट
त्याच लयीत.
ढोलवाल्या शेषरावचा हात
कातड्याच्या बोटभर वर थांबून मागं जायचा.
मी मोजत होतो.
साठ. एकसष्ट.
कडुनिंब ओलांडला
आणि कोणी न सांगता एकाच मात्रेवर शिरलो,
बबन्यासुद्धा.

कापूस निघाला तेव्हा ती काट्यावर भेटली,
गाठोडं उतरवत म्हणाली,
'त्या रोजी माह्या दारावरून
कोणती चाल वाजवत गेले होते बाप्पा?
ध्यानात हाये. नाव पुसाचं राहून गेलं.'

मी इटलीतलं नाव सांगितलं.
तिनं खाली पाहिलं,
काळ्या मातीनं भरलेल्या आपल्या पायांकडं,
आणि 'हाव' म्हणाली.