राजाचा कित्ता

यार्देनेपलीकडच्या आमच्या टेकडीवर
नव्या राजाचं पहिलं काम घोड्यावर बसण्याचं नसे,
बोरू तासण्याचं असे.
नियमशास्त्राची एक प्रत, स्वतःच्या हातानं.
लेखनिकानं मदत करायची नाही, अशी रीतच होती.

मी लेखनिक. एलासा.
काजळी खलायची, त्यात डिंक घालायचा,
आणि गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड, काजळी सोपी.

पोरगा एकोणीस वर्षांचा.
बोरू असा धरायचा, जसा उधळल्या घोड्याचा लगाम.
पहिल्या आठवड्यात चार कातडी फाटली.
दुसऱ्या महिन्यात अक्षर जरा माणसात आलं.
एकदा एका ओळीतून त्यानं 'भाऊ' हा शब्द गाळला.
मी खोकलो.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग कातड्याकडे,
आणि समासात, बारीक,
तो शब्द लिहिला.
पुढे किती वेळ तो तिथेच बघत होता.

तिसऱ्या महिन्यात, अळशीच्या कापणीच्या सुमारास,
वेशीत होग्ला आली. विधवा. एका बैलाची मालकीण.
तिच्या मागे धान्याचा व्यापारी, पेलत,
आणि पेलतच्या मागे तिला चोर म्हणणारं निम्मं गाव.

तिचं वजन हलकं होतं.
पेलतनं आपलं वजन काढलं,
कोठारातलं राजाचं वजन मागवलं,
दोन्ही पारड्यांत ठेवली: काटा मधोमध.
मग एका बाजूला तिचं ठेवलं. पारडं वर गेलं.
झालं. मापात पाप, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.
वडीलधाऱ्यांनी दाढ्या हलवल्या.
न्याय इतका सोपा असला की
लोकांना घरी जेवायला वेळेवर जाता येतं.

राजा बोलला नाही.
त्याची बोटं शाईनं काळी होती, ती त्यानं कुडत्याला पुसली,
जिथं पुसू नयेत तिथंच.
"हा दगड कुणाचा?"
"माझ्या आजाचा," होग्ला म्हणाली,
"तुमच्या पणज्यानं वाटले होते, त्यातला.
आम्ही त्याच्यावर कधी चटणीसुद्धा वाटली नाही."

कुणीतरी हसलं.
राजानं आपलंच वजन उचललं,
कोठारातलं, राजमुद्रेचं,
आणि उलटं केलं.

तळाला डांबर होतं. सुबक, गोल.
सुरीच्या टोकानं त्यानं ते खरवडलं.
आत शिसं.
आणि शिशावर एक ठसा,
जो मी वीस वर्षं पत्रांवर उमटवला होता:
त्याच्या बापाचा.

वेशीत माशीचाही आवाज येईना.
प्रत्येक सुगीला प्रत्येक खळ्यातून
किती पसे जव जास्त गेले असतील,
हा हिशेब एकाच वेळी
दोनशे डोक्यांत सुरू झाला.
माझ्याही.

मला वाटलं, आता तो सुरी म्यानात घालेल
आणि 'उद्या बघू' म्हणेल.
शहाणे राजे उद्या बघतात.
तो खाली बसला, दगडी ओट्यावर नाही, पायरीवर,
होग्लाच्या पायांशी नाही, पण फार लांबही नाही,
आणि म्हणाला, "पेलत, तुझं वजन खरं आहे,
माझ्या खोट्याइतकं खरं.
तुला मी काय शिक्षा करू?
बाई, तुझा दगड मला दे.
उसना. नक्कल होईपर्यंत."

त्या हिवाळ्यात कोठारं रिकामी झाली.
ज्याचं त्याला. मोजताना भांडणंही झाली,
दोन जणांनी खोटं सांगून जास्त नेलं,
हेही मला माहीत आहे. त्यालाही होतं.

रात्री तो लिहायला बसला.
ती ओळ आलीच, पिशवीतल्या दोन दगडांची.
हात थांबला. बोरूतून थेंब सुटला,
ओळीच्या मधोमध पडला, बैलाच्या डोळ्याएवढा.

मी खरवडायला सुरी पुढे केली.
रीत मोडत होतो, कळत होतं.
त्यानं मान हलवली.

डाग अजून आहे. त्याचा नातू आता
तीच प्रत समोर ठेवून कित्ता गिरवतो.
परवा त्यानं मला विचारलं,
"आजोबा, इथं काय लिहिलंय?"
मी काजळी खलत होतो.
खलत राहिलो.