अकरा चाळीस

आधी कंपनीनं पंख विकायला काढले,
साडेचारशेला जोडी.
बिनपंखाचे आम्ही घाट चढेस्तोवर
वरचा बाजार उठून जायचा.

वनिता मडावी भिवापूरच्या मिरची गिरणीतून सुटली की
लाल बोटं ओढणीला पुसून मोबाईल धरायची.
खेळात ती वैद्य.
सतरा जणांना जिवंत ठेवायची,
त्यात मनिल्याचा एक पोरगा;
ती त्याला 'भाऊ' लिहायची,
त्याला वाटायचं, हे हिचंच नाव.

मग दोन सर्व्हर एक केले, खर्च परवडेना म्हणून.
आमच्या किल्ल्यावर दुसऱ्यांचं निशाण,
आतल्या विहिरीला कुलूप.

शेवटी नोटीस : तीस तारीख, रात्री बारा.
आपल्या सहकार्याबद्दल आभार.

पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसलो,
रेंज तिथंच.
सतरातले नऊ आले.
कोणी तलवार काढली नाही.
वनितानं सगळ्यांच्या जखमा भरल्या,
नव्हत्या त्याही.

अकरा चाळीसला लाईन गेली.
टॉवरची बॅटरी पोळ्यातच चोरीला गेलेली.

काळ्या स्क्रीनवर तिचा अंगठा तसाच.
"आपल्याले तं निघताच नाही आलं," ती म्हणाली,
"थो भाऊ अजून तठीच उभा असन."