देठ

धर्माबादच्या मोंढ्यात मिरची भरली
की माणसं बोलायच्या आधी शिंकतात.
माझं झेरॉक्सचं दुकान गोदामासमोर,
काचेवर रोज लाल धूळ.
कुणाच्या सातबाऱ्यावर, कुणाच्या टीसीवर
तिचे ठिपके छापून निघतात
आणि गिऱ्हाईक भांडतं: हा डाग माझा नाही.

पोसानी सायन्ना तोटावार
समोर देठं खुडते.
आठ वाजल्यापासून उकिडवी,
नाकावर नवऱ्याचा जुना रुमाल, बोटांना गोडं तेल.
संध्याकाळी पैसे तेलगूत मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू,
कमी भरले की मराठीत भांडते.
शिव्यांना तिला इकडचीच भाषा पुरते.
रात्री हात ताकात बुडवून बसते मनली.
पोरीची वेणी शेवटची कधी घातली
आठवत नाही.

मिरची ट्रकनं जाते, रेल्वेनं जाते.
देठं इथंच राहतात,
गोदामामागं जळतात,
तेव्हा गल्लीतली लेकरं खोकत शाळेला जातात.

माहेर पलीकडं, सासर अलीकडं,
मधी एक कालवा.
पाळीवर चढलं की मोबाईल थरथरतो:
दुसऱ्या राज्यात आपलं स्वागत आहे.
शेळीमागं दहा पावलं गेली तरी स्वागत,
वळून आली तरी स्वागत.
"इतकं तर माझ्या लग्नातबी झालं नव्हतं," मनते.
तिकडच्या बहिणीला सरकारकडून महिन्याला काय मिळतं
तो आकडा सांगत नाही,
नुसती भुवई वर करते.

इकडं राशनच्या यंत्रावर
अंगठा उमटत नाही.
पुसून लाव. धुऊन लाव. दुसरा लाव.
सतरा हंगामांनी बोटावरच्या रेघा नेल्या,
यंत्राला वाटतं, कुणी आलंच नाही.

हंगाम सरत आला तेव्हा
पोरीला घेऊन दुकानात आली.
लावण्या, बारावीला त्र्याहत्तर टक्के,
नर्सिंगला नंबर लागायलाय,
जातीचा दाखला पायजे.
पुरावा?
बाप भिवंडीला मागावर गेला होता,
तिथून परत आला तो फोटोच.
आजा पलीकडचा, त्याचे कागद तेलगूत.
पणज्याचा एकच कागद,
खताच्या पिशवीत गुंडाळलेला,
उर्दूत.

मोईज सरांना बोलावलं.
चष्मा कपाळावर, कागद नाकाला.
वल्द अमुक, साकीन अमुक, पेशा अमुक...
मग थांबले, हसले,
"बाई, याच्यात सरहद्दच नाही.
तुझ्या पणज्याला कुणी विचारलंच नव्हतं
तू कुठल्या बाजूचा."

मी तेलगूचं मराठी केलं,
सरांनी सांगितलं त्या उर्दूचं मराठी केलं,
मग सगळ्या मराठीचं सरकारी मराठी केलं.
ते सगळ्यात अवघड.
प्रवेशाच्या फॉर्मवर रकाना: मातृभाषा.
"ल्ह्या जी चालते ती," पोसानी मनली.
पोरगी रकान्याकडं बघत राहिली,
मग माझ्या हातातला पेन घेतला.
काय लिहिलं ते सांगत नाही,
माझं काम नक्कल काढायचं.

अर्जावर पोसानीचा अंगठा
शाईत बुडवून घेतला.
निळा, गोल, गुळगुळीत,
एखादी गोटी ठेवून उचलावी तसा.
घडी तिनंच घातली.

पंधरा दिवसांनी तहसीलला गेलो.
टेबल तेच, फाईल तीच, सायब मिटिंगला.
शिपाई मनला, "तुमचाच का हो तो अर्ज?
उघडला अन् अख्खी कचेरी शिंकायली.
सायबाच्या तर डोळ्यांतून पाणी."

येऊन सांगितलं.
पोसानीनं रुमाल हनुवटीखाली ओढला,
बऱ्याच दिवसांनी तिचे दात दिसले.
"मंग मिळंल," मनली,
आणि शीतगृहातल्या मालाचं
नवं पोतं फोडून बसली.